गाडी कधी चालू होते, कधी होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या पेट्रोल, सीएनजी आणि डिझेल गाड्यांच्या मालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द गॅरेजमधलेच ठेवले आहेत. सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर, डायनामो म्हणजे अल्टरनेटर आणि अर्थिंग म्हणजे इंजिन व बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा करंटचा परतीचा रस्ता.

१. दहा वेळांतून एकदा गाडी चालू होत नाही. गॅरेजला नेली की शहाण्यासारखी चालू होते. सुरुवात कुठून करू?

आधी एवढंच ठरवा: सेल्फ फिरतच नाही, की सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही? हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात बॅटरी, केबल, अर्थिंग, सेल्फ, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि किल्लीचा स्विच येतो. दुसऱ्यात पेट्रोल, स्पार्क, सेन्सर आणि इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा). ‘गाडी स्टार्ट होत नाही’ एवढंच सांगितलं की मेकॅनिक दोन्हीकडे चाचपडतो आणि बिल तुम्ही भरता.

अशा बिघाडात पुरावा फक्त गाडी अडलेली असते तेवढाच वेळ हाती असतो. त्यामुळे अडली की लगेच दहा वेळा किल्ली फिरवू नका. फोनवर व्हिडिओ सुरू करा, मीटरवरचे सगळे दिवे दिसतील असा धरा आणि एकदाच सेल्फ मारा. आवाजही रेकॉर्ड होतो. मग लिहून ठेवा: इंजिन गरम होतं की थंड, गाडी किती वेळ उभी होती, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती होतं, आणि शेवटी काय केल्यावर चालू झाली. अशा तीन-चार नोंदी झाल्या की बहुतेक वेळा त्यांतूनच दिशा दिसते.

२. किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या आवाजावरून काय ओळखायचं?

‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज: सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढला जातोय, पण व्होल्टेज कोसळल्यामुळे लगेच सुटतोय. बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल (प्रश्न ३ आणि ४).

एकच जोरदार ‘टक्’ आणि शांतता: मीटरचे दिवे तसेच प्रखर राहिले तर सोलेनॉइडमधले तांब्याचे संपर्क किंवा सेल्फचे कार्बन (ब्रश) झिजलेत (प्रश्न ७). दिवे एकदम मंदावले तर बॅटरी, केबल किंवा अर्थिंग.

काहीच आवाज नाही, दिवे प्रखर: करंट सेल्फपर्यंत जातच नाही. किल्लीचा स्विच, रिले, क्लच किंवा गिअरचा स्विच, इमोबिलायझर (प्रश्न १२ आणि १३).

‘घिर्रर्र’ असा मोकळा फिरल्याचा आवाज: सेल्फ फिरतोय, इंजिन नाही. बेंडिक्स (सेल्फला फ्लायव्हीलशी जोडणारं दातेरी चाक) घसरतंय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात एका जागी झिजलेत. इग्निशन बंद ठेवून मॅन्युअल गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि थोडी पुढे ढकला. फ्लायव्हील जरा सरकून सेल्फ लगेच पकडला, तर दोष दातांचाच.

३. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीच बदलली आहे. मग तीच कशी असेल?

नवीन असणं आणि भरलेली असणं यांत फरक आहे. दादरहून परळला रोजची चार किलोमीटर, एसी चालू, दिवे चालू आणि अर्धा वेळ सिग्नलला उभं. एवढ्या प्रवासात सेल्फने घेतलेला करंट डायनामो जेमतेम परत देतो. वर शनिवार-रविवार गाडी उभी राहते. मुंबईत थंडीने बॅटरी मरत नाही. उष्णतेने आणि अर्धवट चार्जिंगने मरते, आणि ३ ते ४ वर्षांत संपली तर नवल नाही.

दुसरं, टर्मिनल हाताने हलवून पाहा. जरासुद्धा फिरलं तर १० नंबरच्या पान्याने आवळा. पांढरी-हिरवी पूड दिसली तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा आणि आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह लावा. व्हॅसलीन आवळून झाल्यावर वरून लावायचं. वरून स्वच्छ दिसणारं टर्मिनलही आतून काळं असू शकतं, म्हणून काढून बघणं टाळू नका.

आयडल स्टार्ट-स्टॉप असलेल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची, हा ताण झेपणारी बॅटरी लागते. तिच्या जागी साधी स्वस्त बॅटरी बसवली असेल तर ती लवकर मान टाकणारच.

४. घरच्या घरी मल्टिमीटरने नेमकं काय मोजायचं?

लॅमिंग्टन रोडला मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि प्रोब केबलच्या क्लॅम्पला नव्हे, बॅटरीच्या शिशाच्या खांबांना लावा. तीन आकडे हवेत.

पहिला, विश्रांतीचा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दरवाजे उघडण्याआधी शक्य असेल तर उत्तमच. १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० च्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी नुकतीच चालवली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा. नाहीतर वरवरचा चार्ज आकडा फुगवून दाखवतो.

दुसरा, सेल्फ फिरतानाचा. दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगा. १० व्होल्टच्या वर राहिलं तर छान. ९.६ च्या खाली गेलं आणि विश्रांतीचा आकडा चांगला होता, तर बॅटरीत दम उरलेला नाही किंवा सेल्फ जास्त करंट खातोय. इथे एक गंमत होते. इतक्या खालच्या व्होल्टेजवर सेल्फ कसाबसा फिरतो, पण ईसीएम (इंजिनचा संगणक) आणि इमोबिलायझर भांबावतात. मग ‘सेल्फ फिरतो पण पकडत नाही’ अशा तक्रारीचं मूळही बॅटरीत निघतं.

तिसरा, इंजिन चालू असतानाचा. १३.८ ते १४.५ यायला हवेत. एसी, हेडलाइट आणि पंखा लावून इंजिन १५०० ते २००० आरपीएमवर धरलं तरी १३.२ च्या खाली जाऊ नये. गेलं तर डायनामोचा पट्टा, त्याचे कार्बन किंवा रेग्युलेटर बघा. अपवाद: नव्या गाड्यांत संगणक डायनामोचं व्होल्टेज मुद्दाम कमीजास्त करतो, त्यामुळे १२.५ दिसूनही सगळं ठीक असू शकतं. अशा गाडीत चालताना ब्रेक दाबल्यावर किंवा एक्सलरेटर सोडल्यावर आकडा चढतो का ते पाहा.

इंजिन चालू असताना ‘डायनामो तपासायला’ बॅटरीचं टर्मिनल काढून बघणारे अजून भेटतात. काढू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीएम जळू शकतो.

५. बॅटरीचे आकडे बरोबर आहेत, तरी सेल्फ मरगळल्यासारखा फिरतो. अर्थिंग खराब आहे हे कसं कळेल?

वर्सोवा, वरळी, कुलाबा अशा समुद्राकडच्या भागांत ही शंका आधी घ्यावी. खारी हवा बॉडीवरच्या अर्थिंगच्या बोल्टखाली शिरते. पट्टी वरून शाबूत दिसते, खाली गंज असतो.

नुसतं ओम मोजून हा दोष सापडत नाही. जाड केबलमधली एकच तार उरली असली तरी मीटर शून्य ओम दाखवतो, पण १०० ते २०० अँपिअरचा करंट त्या तारेतून जात नाही. म्हणून सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थिंग दोषी. मग बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते सेल्फवरचा जाड बोल्ट. इथे ०.५ व्होल्टपर्यंत चालतं.

मीटर नसेल तर जंप केबलचा एक धागा पुरतो. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनच्या ब्रॅकेटला लावा. सेल्फ एकदम जोमाने फिरला तर निदान झालं. दुरुस्ती स्वस्त आहे: बोल्ट काढा, रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करा आणि आवळा. केबलच्या टोकाची धातूची कडी हिरवी पडली असेल तर नवीन पट्टी घाला.

६. शुक्रवारी ठीक होती, सोमवारी बॅटरी डाऊन. उभ्या गाडीत करंट कोण खातं?

घड्याळ, लॉक, अलार्म यांसाठी उभी गाडी थोडा करंट घेतेच. २० ते ५० मिलीअँपिअर मान्य. छोट्या पेट्रोल गाडीत बहुधा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. गळती ३०० मिलीअँपिअर असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे अडीच दिवसांत बॅटरी अर्धी.

मोजण्याची रीत अशी. सगळं बंद करा. बॉनेट उघडं राहणार असल्याने त्याचं लॅच स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत आणा. किल्ली गाडीपासून पाच-सहा मीटर लांब ठेवा. निगेटिव्ह केबल काढून मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर मध्ये जोडा आणि पाऊण तास थांबा. सुरुवातीला काही अँपिअर दिसतात, कारण गाडीतले संगणक जागे असतात. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

पाऊण तासानंतरही आकडा मोठा असेल तर फ्यूज उपटत बसू नका. फ्यूज काढला-लावला की झोपलेले संगणक पुन्हा जागे होतात. त्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजा. जिथे शून्याऐवजी काही दिसेल त्या वाटेने करंट जातोय.

गुन्हेगार ठरलेले: डिकीचा दिवा (आत फोन ठेवून व्हिडिओ घ्या आणि डिकी लावा), बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, कायम करंट दिलेला डॅशकॅम, ट्रॅकर, ॲक्सेसरीच्या दुकानात टेप गुंडाळून जोडलेलं सेंट्रल लॉक. कुठल्याच फ्यूजमध्ये काही सापडलं नाही तर डायनामोचा डायोड. त्याची जाड तार डब्यातल्या छोट्या फ्यूजमधून जात नाही. बॅटरी सोडवून ती तार डायनामोवरून काढा, तिचं टोक इन्सुलेट करा आणि पुन्हा मोजा.

७. सेल्फला हातोडी ठोकली की गाडी चालू होते. असं किती दिवस चालेल?

आठवडा किंवा महिना, भरवसा नाही. ठोकल्याने झिजलेले कार्बन किंवा सोलेनॉइडचे संपर्क क्षणभर जुळतात. म्हणजे दोष सेल्फच्या आत आहे हे ठोकण्यानेच सिद्ध केलं. ओरिजिनल सेल्फ असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून कार्बन, बुश आणि सोलेनॉइड बदलून घ्या. अनोळखी कंपनीच्या नव्या सेल्फपेक्षा हे बहुधा जास्त टिकतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुना सेल्फ घ्यायचा असेल तर दुकानातच बॅटरी लावून फिरवून घ्या, आणि मोकळा फिरला म्हणजे लोडवर फिरेलच असं समजू नका.

८. सेल्फ मस्त फिरतो, इंजिन पकडत नाही. पेट्रोल येत नाही की स्पार्क?

किल्ली ‘ऑन’ला आणा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद ‘झुंऽ’ असा आवाज यायला हवा. तो पेट्रोल पंप. रस्त्यावरच्या गोंगाटात ऐकू येत नाही, म्हणून मागे माणूस बसवा. आवाज नाही: पंपाचा फ्यूज, मग रिले, मग पंपाचा कनेक्टर या क्रमाने बघा. फ्यूज बॉक्समध्ये हॉर्नचा रिले बऱ्याचदा त्याच नंबरचा असतो. अदलाबदल करून पाहा. रिलेच्या आतला डाग (सोल्डरचा जोड) तडकला असेल तर तो गरम झाल्यावर सुटतो आणि गार झाल्यावर जुळतो.

आवाज येतो तरी पकडत नाही, तर दाब मोजावा लागेल. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ३ ते ४ बार असतो. डायरेक्ट इंजेक्शनची गोष्ट वेगळी, तिथे पुढे आणखी एक उच्च दाबाचा पंप असतो. पंपाचा शेवट जवळ आला की टाकीखाली रबरी हातोडीने ठोकल्यावर तो सुरू होतो. ही युक्ती घरी आणण्यापुरतीच. पंप पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो. नेहमी रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर जातात.

सेल्फ बराच वेळ मारल्यावर सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल येतंय, स्पार्क नाही किंवा इंजिन फ्लड झालंय. फ्लड असेल तर एक्सलरेटर तळापर्यंत दाबून पाच सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत पूर्ण पेडलवर सेल्फ मारताना इंजेक्टर बंद राहतात आणि सिलिंडर कोरडे होतात. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती द्या.

९. सकाळी एका चावीत चालू. पण तासभर चालवून कुठे थांबलो की पुन्हा चालू होत नाही. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी निघते.

हे सगळ्यांत जास्त विचारलं जातं आणि सगळ्यांत जास्त पैसे इथेच वाया जातात. इंजिन बंद केल्यावर बॉनेटखालचं तापमान लगेच उतरत नाही, उलट पंधरा-वीस मिनिटं चढतं. त्या उष्णतेत कोणता भाग दगा देतो ते शोधायचं आहे.

सेल्फ फिरत असेल तर पहिला संशयित क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. इंजिन फिरतंय हे ईसीएमला त्याच्याकडूनच कळतं. त्याच्या आतली बारीक तार गरम झाली की सुटते, मग स्पार्कही नाही आणि इंजेक्शनही नाही. कधी चालत्या गाडीत इंजिन एकदम बंद पडतं, तेही याच कारणाने. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का बघा. काही गाड्यांत तो एवढ्या कमी वेगाला हलतच नाही, म्हणून ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या निदान सॉकेटला लावायच्या यंत्रावर) लाइव्ह आरपीएम पाहणं चांगलं: २०० च्या आसपास दिसायला हवा. शून्य असेल तर सेन्सरवर गार पाण्याचं ओलं फडकं ठेवा, पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा. चालू झाली तर जवळजवळ खात्री. आधी कनेक्टर काढून तेल शिरलंय का पाहा. सेन्सर बदलायचा तर कंपनीचाच घ्या. स्वस्त नकली सेन्सर गार असताना बरोबर चालतात आणि तुम्ही पुन्हा याच प्रश्नाशी येता.

दुसरा संशयित कूलंट तापमान सेन्सर. इंजिन तापलेलं असताना तो ‘थंड’ सांगत असेल तर ईसीएम जास्त पेट्रोल ओततो. सकाळी पहिल्यांदा इग्निशन ऑन करून स्कॅनरवर कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहा. दोन्ही दोन-तीन अंशांच्या फरकाने सारखी हवीत. उणे ४० दिसलं तर तार तुटलेली आहे. मुंबईत एवढी थंडी पडायची नाही.

तिसरा, गळका इंजेक्टर. अशा गाडीत पेडल दाबून सेल्फ मारल्यावर (प्रश्न ८) काळा धूर टाकत चालू होते.

आणि गरम असताना सेल्फच फिरत नसेल, तर हा प्रश्न तुमचा नाही. सायलेन्सरच्या पाइपाजवळ बसलेला सेल्फ तापून जास्त करंट मागतो. प्रश्न ५ आणि ७ पाहा.

१०. उलट आहे: रात्रभर उभी राहिली की सकाळी लांबलचक सेल्फ मारावा लागतो. दिवसभर मग काही त्रास नाही.

पंपाच्या तोंडाशी एक उलट-झडप असते. ती गळकी झाली की रात्रीत लाइनमधला दाब उतरतो. चाचणी फुकट आहे: किल्ली ऑन करा, पंप थांबेपर्यंत तीन सेकंद थांबा, बंद करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच पकडली तर दाबाचाच प्रश्न. झडप बहुधा सुटी मिळत नाही, पंप असेंब्ली बदलावी लागते. पण रोज तीनदा किल्ली फिरवून वर्षभर काढणारेही आहेत, आणि त्यात काही वावगं नाही.

११. सीएनजी गाडी आहे. गॅसवर उत्तम चालते, पण सकाळी चालू व्हायला त्रास देते.

बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि इंजिन थोडं तापल्यावर गॅसवर जातात. काही नवी मॉडेल थेट गॅसवर चालू होतात, तुमची कोणती ते मॅन्युअलमध्ये बघा. पहिल्या प्रकारात टाकीतलं दोन लिटर पेट्रोल सहा-सहा महिने तसंच पडून राहतं. त्यातला पटकन उडणारा भाग निघून जातो, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतलं पाणी शोषतं. इंजेक्टर वापराविना चिकटतात, पंप अर्धा कोरडा फिरतो. टाकी किमान पाव ठेवा आणि आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

बाहेरून किट बसवलं असेल तर एमुलेटर तपासा. गॅसवर असताना पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवणं हे त्याचं काम. त्यातला रिले चिकटला की पेट्रोलवर चालू करतानाही इंजेक्टर बंदच राहतात. किटवाल्याने इग्निशनची तार कापून नुसती पिळून टेप मारली असेल तर तो जोड आधी बघा. प्लगही तपासा, कारण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजचा स्पार्क लागतो आणि झिजलेला प्लग गॅसवर लवकर उघडा पडतो.

एक हसू येईल असा अपवाद: कंपनी फिटेड सीएनजी गाड्यांत गॅस भरायच्या झाकणाला मायक्रोस्विच असतो. झाकण नीट बसलं नाही तर गाडी चालू होत नाही. पंपावरून निघताना गाडी अडली तर बॉनेट उघडण्याआधी ते झाकण दाबा.

गॅसचा वास येत असेल तर मात्र यातलं काहीही करू नका. किल्ली फिरवू नका, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, दरवाजे उघडे ठेवा आणि दूर व्हा.

१२. मीटरवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतं आणि गाडी चालू होत नाही.

इमोबिलायझरने किल्ली ओळखली नाही. त्याच जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल तर ती बाजूला काढा, दोन चिप शेजारी आल्या की गोंधळ होतो. मग घरातली दुसरी किल्ली आणून आठवडाभर फक्त तीच वापरा. त्रास थांबला तर पहिल्या किल्लीतली चिप गेली. नाही थांबला तर स्टिअरिंगजवळची अँटेना रिंग किंवा तिचा कनेक्टर. किल्लीतला सेल संपल्याने रिमोट लॉक बंद पडतं, पण चिपला सेल लागत नाही. बटण स्टार्ट गाडीत सेल संपला तर किल्लीच बटणाला टेकवा किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेत ठेवा आणि मग बटण दाबा.

१३. बटण दाबतो, सगळे दिवे लागतात, पण सेल्फच लागत नाही. किल्लीची काही तक्रार दिसत नाही.

ब्रेकचे दिवे लागतात का बघा. मागे भिंत असेल तर तिच्यावर उजेड दिसतो. नाही लागले तर ब्रेक पेडलवरचा स्विच गेला, म्हणजे तुम्ही ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नाही. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये अडली तर ब्रेक दाबून ‘एन’मध्ये प्रयत्न करा. तिथे चालू झाली तर गिअर पोझिशनचा स्विच. मॅन्युअल गाडीत क्लच तळापर्यंत जातोय ना? जाडजूड मॅट पुढे सरकून पेडलखाली अडकते आणि क्लचचा स्विच दाबला जात नाही. वाकून बघायला दोन सेकंद लागतात.

१४. पावसाळ्यातच होतं. जून ते सप्टेंबर त्रास, दिवाळीत गाडी ठणठणीत.

ओलावा कुठून शिरतो ते शोधा: इग्निशन कॉइलचं रबरी बूट तडकलेलं, प्लगच्या विहिरीत पाणी, फ्यूज बॉक्सच्या झाकणाची गॅसकेट गेलेली, बॉनेटखालच्या जाळीत पानं साचून पाणी वायरिंगवर उतरलेलं. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून कॉइलवर हलका पाण्याचा फवारा मारा. निळ्या ठिणग्या दिसल्या किंवा इंजिन अडखळलं तर जागा सापडली. हात लावू नका, फटका जबर असतो.

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथल्या पाण्यात गाडी बंद पडली तर प्रश्नच वेगळा. पुन्हा सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी उचलून न्या, एअर फिल्टर ओला आहे का बघा, प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा. पाण्यात इंजिन फिरवल्याने झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा नाकारलं जातं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं.

१५. उंदरांनी वायर खाल्ली असेल का? वरून तर सगळं धड दिसतं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असेल तर शक्यता धरूनच चाला. लेंड्या, बॉनेटच्या फोमचा भुगा, पावाचे तुकडे ही खूण. अर्धवट कुरतडलेली तार हेलकाव्याने कधी बॉडीला टेकते, कधी नाही. इंजिन आयडलवर ठेवून वायरिंगचा एकेक गठ्ठा हलक्या हाताने हलवा आणि कुठे अडखळतं ते पाहा. जोड डाग देऊन श्रिंक ट्यूबने झाकून घ्या. नुसता पीळ आणि टेप पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला प्रश्न १४ वर आणेल. तंबाखूच्या पुड्या ठेवण्याचा तोडगा चार दिवस चालतो, मग वास उडतो. खालून बारीक जाळी लावणं जास्त कामाचं.

१६. डिझेल गाडीला हीटर प्लग बदलायला सांगितलेत. बदलू का?

मुंबईत घाई नको. हीटर प्लग थंड इंजिन चालू करताना सिलिंडर तापवतात, पण इथल्या हवेत कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून डिझेल देणारं) ते गेले तरी बहुधा चालू होतं. आधी डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा आणि फिल्टर नुकताच बदलला असेल तर लाइनमधली हवा. मग सेल्फ मारताना स्कॅनरवर रेल प्रेशर बघा. साधारण २०० बारच्या पुढे गेल्याशिवाय बरीच इंजिनं इंजेक्शनच सुरू करत नाहीत. इंजेक्टरची परतीची गळती वाढली की गरम इंजिनात हा दाब तयार होत नाही.

१७. जंप देताना आणि धक्का मारताना काय सांभाळायचं?

जंपचा क्रम: लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा काळा अडलेल्या गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. पाच मिनिटं थांबा, मग सेल्फ. जंप देऊनही सेल्फ फिरला नाही तर बॅटरीला दोष देणं थांबवा.

धक्का फक्त मॅन्युअल गाडीला: किल्ली ऑन, दुसरा गिअर, जरा वेग आल्यावर क्लच सोडा. एएमटी, सीव्हीटी, ऑटोमॅटिकला नाही. धक्क्याने लगेच चालू झाली तर पेट्रोल-स्पार्क ठीक, दोष सेल्फच्या बाजूला. चालू झाली नाही तर पुन्हा पुन्हा मारू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो.

१८. स्कॅनरमध्ये एकही कोड नाही. म्हणजे दोष नाही?

नाही, म्हणजे ईसीएमने नजर ठेवलेल्या जागी दोष नाही. सैल टर्मिनल, झिजलेले कार्बन, गळकी झडप यांना कोड नसतो. कोड असलाच तर पुसण्याआधी फोटो काढा. पी०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी०३४० कॅम सेन्सरचा, पी०५६२ कमी व्होल्टेजचा. पी०५६२ सोबत आणखी पाच-सहा असंबद्ध कोड असतील तर आधी बॅटरी आणि अर्थिंग नीट करा, बाकीचे बहुधा आपोआप जातात.

१९. बॅटरी, सेल्फ, पंप, सगळं बदलून झालं. आजही पंधरा दिवसांतून एकदा अडते. आता?

आता बदलणं थांबवा आणि साक्षीदार बसवा. इलेक्ट्रिशियनकडून १२ व्होल्टचे दोन छोटे बल्ब डॅशबोर्डवर लावून घ्या. पहिल्याची तार सेल्फच्या सोलेनॉइडवरच्या बारीक टर्मिनलवरून, दुसऱ्याची पेट्रोल पंपाला जाणाऱ्या तारेवरून. प्रत्येक तारेला जोडाजवळच २ अँपिअरचा फ्यूज. दुसरी बाजू बॉडीला अर्थ.

पुढच्या वेळी गाडी अडली की सेल्फ मारताना बल्ब बघा. सेल्फचा बल्ब लागला पण सेल्फ फिरला नाही: सेल्फ, त्याची जाड केबल किंवा इंजिनचं अर्थिंग. बल्ब लागलाच नाही: किल्लीचा स्विच, रिले किंवा प्रश्न १२-१३ मधले स्विच. जुन्या गाड्यांत किल्लीच्या स्विचचे संपर्क झिजलेले निघतात, आणि जड जुडगं लटकवण्याची सवय त्याला हातभार लावते. पंपाचा बल्ब लागला तरी आवाज नाही: पंप किंवा त्याचं अर्थिंग. दोन्ही बल्ब लागले, सेल्फ फिरला, पंप वाजला, तरी पकडलं नाही: प्रश्न ९ च्या क्रँक सेन्सरकडे जा. गाडी गॅरेजला रात्रभर ठेवणार असाल तर या बल्बांचा अर्थ कागदावर लिहून स्टिअरिंगला चिकटवा, म्हणजे सकाळचा पहिला सेल्फ मारणारा मुलगाही तो वाचेल.